मागच्या दारानं

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी साडेसातला पुढच्या दारानं कामावर जायचो आणि आठ वाजता मागच्या दारानं घरी यायचो. मधल्या अर्ध्या तासात मोटारसायकल दौंड स्टेशनच्या स्टँडवर लावायची, टोपी काढून खिशात कोंबायची आणि रेल्वे कॉलनीच्या मागच्या बोळातनं, जिथं सफाईची गाडी आणि डुकरं सोडून कुणी फिरकत नाही, तिथनं मान खाली घालून आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी यायचं. दारावर नखानं तीनदा खरवडायचं. आतून माझी सात वर्षांची मुलगी प्रज्ञा स्टुलावर चढून कडी काढायची, आणि मला आत घेण्याआधी बोळात दोन्ही बाजूंना बघून घ्यायची. हे बघून घेणं तिला मी शिकवलं होतं. तोवर मी तिला साधी सायकलसुद्धा शिकवलेली नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला हाच खेळ उलटा. मागच्या दारानं बाहेर, स्टँडवरनं गाडी, आणि पुढच्या दाराशी येऊन हॉर्न. मग प्रज्ञा आणि चार वर्षांचा सिद्धू, दिवसभर ज्याच्या अंगाखांद्यावर लोळले त्याच माणसाकडे, ‘पप्पा आले, पप्पा आले’ करत धावायचे. सिद्धू बिचारा दर वेळी मनापासून धावायचा. त्याला वाटायचं, हा रोजचा खेळच आहे. प्रज्ञा मात्र धावताना शेजारच्या ओट्याकडे बघायची, कुणी बघतंय का ते. कुणी नसलं तर ती अर्ध्यातच चालायला लागायची.

शिरूरच्या बाजूला एमआयडीसीत एका कंपनीत मी अकरा वर्षं होतो, त्यातली शेवटची तीन सुपरवायझर. हाताखाली चौदा माणसं, खिशावर कंपनीचं नाव शिवलेला करडा शर्ट आणि पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. आठवडाभर शिरूरला आई-आबांकडे राहायचो आणि सुट्टीला दौंडला बायकोच्या क्वार्टरवर यायचो. वंदनाला तिच्या वडिलांच्या जागी रेल्वेत नोकरी लागलेली, स्टेशनवर तिकीटखिडकीला. मुलं तिच्याजवळ, सांभाळायला सासूबाई. म्हणजे मी बाप होतो तो आठवड्यातनं एक दिवस, तोही जेवणानंतर झोपणारा. त्या मार्चमध्ये आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं. आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं, चहा-समोसा दिला, आणि समोसा खाऊन झाल्यावर पत्र दिलं. आधी खाऊ दिलं, एवढी माणुसकी मात्र कंपनीनं पाळली.

घरी सांगायला काय हरकत होती? मी चोरी केली नव्हती, दारू पिऊन मशीन मोडलं नव्हतं. वंदनाला सांगितलं तेव्हा ती हेच म्हणाली, ‘सांगून टाका ना सगळ्यांना. नोकरी गेली, नाक नाही गेलं.’ पण एप्रिल तोंडावर होता, आणि शिरूरच्या आमच्या वस्तीत जयंतीचा फ्लेक्स लागलेला. बाबासाहेबांच्या फोटोखाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी, त्यात पहिल्या ओळीत मी, गॉगल घालून, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सुपरवायझर’. आमच्या गल्लीतला पहिला पर्मनंट. सरकारी रस्त्यावर गँगमध्ये डांबर ओतत ज्यांचा जन्म गेला ते माझे आबा रोज सकाळी दूध आणायला त्या फ्लेक्सखालनं जायचे, आणि दूध आणायला दुसरा जवळचा रस्ता होता. मी ठरवलं, दुसरी नोकरी लागेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. आबांना सांगितलं, आता दौंडहूनच कंपनीत जातो, पोरांजवळ राहणं होतं. कॉलनीत सांगितलं, जनरल शिफ्ट मिळाली. एकाच आठवड्यात सासूबाई गुडघा दाखवायला मेहुण्याकडे गेल्या त्या तिथंच राहिल्या, शाळेला सुट्टी लागली, आणि घरात दोन मुलं आणि एक कामावर गेलेला बाप उरले.

घरात शिरलो की माझी खरी पाळी सुरू व्हायची. पहिल्या दिवशी मी भिंतीवर तक्ता लावला. आठला नाश्ता, साडेआठला आंघोळ, सव्वानऊला पसारा आवरणे, दहाला अभ्यास, शेवटी ‘आढावा’. चौदा माणसं ज्या तक्त्याला घाबरत होती त्या तक्त्याचं सिद्धूनं दुसऱ्या दिवशी विमान केलं. मी स्वयंपाकघराचीही शिस्त लावली. मसाल्याच्या डब्यांवर लेबलं, मांडणीला अ, ब, क. वंदना ड्युटीवरनं येऊन भाजी टाकायला उभी राहिली आणि विचारलं, ‘मीठ कुठाय?’ मी म्हणालो, ‘ब, दुसरी ओळ, डावीकडनं तिसरं.’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मला भाजी करायचीय. स्टोअरमधनं माल काढायचा नाहीये.’ आठवडाभरात लेबलं वाफेनं गळून पडली आणि मीठ आपल्या जुन्या जागी गेलं. त्यानंतर मी घरात सुधारणा केल्या नाहीत. पोळ्या शिकलो.

खिडक्यांचे पडदे दिवसभर ओढलेले. टीव्ही बारीक आवाजात. कपडे धुवायचो, पण बाहेर दोरीवर वाळत घालणार कोण? म्हणून आतल्या खोलीतच सुतळी बांधली. त्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्यांच्या अंगाला ओल्या चादरीचा वास यायचा. पत्र्याच्या कुलरमध्ये बादल्या ओतायचं काम तिघांचं. पाणी टाकलं की सिद्धू कुलरसमोर तोंड धरून ‘आऽऽ’ करायचा आणि आपला आवाज थरथरतो म्हणून हसून हसून पडायचा. स्टेशनवरची अनाउन्समेंट घरात ऐकू यायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार हे सिद्धूला पाठ झालं, आणि उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल बाई दिलगिरी व्यक्त करायला लागली की तो तिच्या सुरात सूर मिसळून दिलगिरी व्यक्त करायचा. मला त्या वेळी कळलं की चार वर्षांचं मूल दिवसातनं अकरा वेळा पाणी मागतं आणि त्यातलं दोनदाच पितं. कंपनीत असा माल वाया गेला असता तर मी मेमो दिला असता.

प्रज्ञाच्या वेण्या हे माझ्या हाताखालचं सगळ्यात अवघड काम. पहिल्या आठवड्यात एक वेणी कानाच्या वर तर एक मानेखाली. संध्याकाळी ती खेळायला बाहेर गेली की पोरी विचारायच्या, ‘कुणी घातली गं?’ ती म्हणायची, ‘मीच.’ मग ते तिचं उत्तरच झालं. भांडी कुणी घासली? मीच. सिद्धूला आंघोळ कुणी घातली? मीच. आइसगोळ्याच्या गाडीची घंटा वाजली की ती दारात जाऊन तीन गोळे घ्यायची. गोळेवाला विचारायचा, ‘तिसरा कुणाला?’ ती म्हणायची, ‘मलाच, मी दोन खाते.’ आतल्या खोलीत, पडद्यामागं, एक माजी सुपरवायझर कालाखट्टा चोखत बसलेला असायचा. कॉलनीत माझ्या पोरीची दोन गोष्टींसाठी ख्याती झाली. कामाची आहे, आणि हावरी आहे. दोन्ही माझ्यामुळं.

दार वाजलं तर काय करायचं, याची मी रीतसर तालीम घेतली होती. कंपनीत आगीची घ्यायचो, तशीच. कडी वाजली की मी मागच्या अंगणातल्या न्हाणीघरात. त्याला टिनाचं दार, दाराला बोटभर फट. सिद्धूनं ओठावर बोट ठेवायचं. प्रज्ञानं तीसपर्यंत आकडे मोजून दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘पप्पा ड्युटीला गेलेत. घरात कोणी मोठं नाही.’ नीट जमलं की दोघांना एकेक क्रीमचं बिस्किट. मी घड्याळ लावून बघायचो. सुरुवातीला मी आत शिरून कडी लावेपर्यंत एक मिनिट लागायचं, मग वीस सेकंद. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लिहायला आजही हात रेटावा लागतो.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजत होतं, तेही मला न्हाणीघरातच कळलं. अंगणाच्या बाजूच्या भिंतीपलीकडे कॉलनीचा सार्वजनिक नळ. एकदा तिथनं बायांचं बोलणं आलं.

‘पोरं कोंडून जाती बाई खुशाल. काळीज हाय का दगड?’

‘नोकरीचा सोस. सात वर्साची पोर पोळ्या करती, अन् ही तिकिटं देत बसती.’

‘नवरा तरी कसा खपवून घेतो?’

‘त्यो बिचारा सकाळी जातो त्यो दिवेलागणीला येतो. त्येला काय ठावं!’

त्यो बिचारा साबणाच्या वडीशेजारी बसून ऐकत होता. वंदनाला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. एका दुपारी ती ड्युटीवरनं आली आणि सँडलचा पट्टा सोडता सोडता म्हणाली, ‘आज खिडकीवर लाइनीत एक बाई होती, कॉलनीतलीच. पाटसचं तिकीट घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, पोरं जेवली का हो एकटी? सगळी लाइन माझ्याकडं बघायला लागली.’ मी म्हणालो, ‘लोकांचं काय!’ ती म्हणाली, ‘लोकांचं काही नाही. तुमचं काय, ते सांगा.’ मी म्हणालो, ‘अजून पंधरा दिवस. एका ठिकाणी बोलणं चाललंय.’ कुठंच बोलणं चाललेलं नव्हतं. दिवसभर न्हाणीघराच्या आसपास राहणाऱ्या माणसाशी कोण बोलणार?

आमच्या शेजारी शेळकेकाकू. नवरा लोकोशेडला, मुली लग्न होऊन गेलेल्या, भांडगावला घरची शेती. बाई तोंडानं फटकळ आणि कानानं तल्लख. मे महिना म्हणजे कॉलनीत वाळवणाचे दिवस. पहाटेपासून ओट्याओट्यावर साड्या अंथरलेल्या, त्यावर पापड, सांडगे, कुरडया. वंदनानंही कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. तीन दिवस भिजवायचे, वाटून गाळायचे, खाली पांढराशुभ्र चीक बसतो तो शिजवून सोऱ्यातनं पिळायचा. तिचा बेत रविवारचा होता, सुट्टीचा. पण उन्हानं गहू आधीच आंबले. सगळ्या घरात तो आंबूस वास. ती सकाळी जाताना म्हणाली, ‘रविवारपर्यंत टिकायचे नाहीत. वाया जाणार आता.’ मला वाटलं, आपण करून ठेवावं. तिनं घरी यावं आणि ताटावर कुरडया वाळत असाव्यात. तिला खूश करायचं होतं हे खरं आहे. आणि लहानपणापासून मला गरम चीक, वर तेल आणि मीठ घालून, जीव की प्राण आहे, हेही खरं आहे.

मुलांना मजा वाटली. वाटलं, गाळलं, दोन तास निवळू दिलं. चीक शिजवायला दोन माणसं लागतात, एकानं धार धरायची आणि एकानं हाटायचं, थांबायचं नाही, नाहीतर गाठी होतात आणि खाली लागतो. म्हणून मी प्रज्ञासाठी शेगडीजवळ तिचं स्टूल ओढलं. ती वाटीनं ओतत होती, मी लाकडी उलथन्यानं हाटत होतो, सिद्धू खाली उभा राहून ‘झालं? झालं?’ विचारत होता. चीक घट्ट झाला, चमक आली, मोठे मोठे बुडबुडे फुटायला लागले. कॉलनीत दहा दिवसांपासून सगळीकडे हाच वास होता, त्यामुळं आमच्या घरातला वास कुणाच्या लक्षात येईल, हे माझ्या मनातच आलं नाही.

दाराची कडी वाजली.

मी उलथनं पातेल्यात सोडलं आणि न्हाणीघरात गेलो. वीस सेकंदांच्या आत. गॅस बंद करायला एक सेकंद लागला असता. आगीच्या तालमीच्या कागदावर पहिली ओळच ती असते, आधी मशीन बंद करा. अकरा वर्षं मी ती ओळ दुसऱ्यांना वाचून दाखवत होतो.

शेळकेकाकूंचा आवाज आला. ‘अगं, चीक लागतोय खाली! वास आला म्हून आले. कोण हाटतंय?’

‘मीच,’ प्रज्ञा म्हणाली.

‘तू? पातेलं दिसतंय का तुला आतलं?’

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातनं सिद्धू ओरडला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. बाई आली होती, पप्पा गेले होते, हाटायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्टुलावर चढला होता. उलथन्याला हात लावला, चीक उडाला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत चिकटला. चीक पाण्यासारखा ओघळत नाही. जिथं पडला तिथं बसतो.

काकू त्याला उचलून थेट मागच्या अंगणात धावल्या. नळ न्हाणीघराच्या दाराला लागूनच. त्यांनी त्याचा हात नळाखाली धरला. मी फटीतनं बघत होतो. हात बाहेर काढला असता तर त्याच्या केसाला लागला असता. तो पाणी उडवत, पाय झाडत किंचाळत होता, ‘पप्पाऽ, पप्पाऽ’, आणि दुसरा हात टिनाच्या दाराकडे. त्याला माहीत होतं मी कुठं आहे. ओठावर बोट ठेवायचं तो विसरला होता.

काकूंनी प्रज्ञाला विचारलं, ‘घरात कुणी मोठं न्हाई का गं?’

प्रज्ञानं दाराकडे बघितलं. मला तिचे डोळे दिसत होते. ती थांबली. तिनं मला वेळ दिला, आता असंच म्हणावं लागेल. मग म्हणाली, ‘पप्पा ड्युटीला गेलेत. घरात कोणी मोठं नाही.’ शिकवल्यासारखं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता.

काकू टिनाच्या दाराकडे तोंड करून, सावकाश म्हणाल्या, ‘व्हय बाळा. तुजा बाप ड्युटीला हाय. हितं असता तर आला नसता का बाहीर?’

त्यांनाही ठाऊक होतं. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. नळ चालू, पोरगा हमसतोय, आणि बाई दाराकडे बघत उभी. कडी माझ्याच बाजूला होती. ती वर करायची, एवढंच काम होतं. मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. मी लुंगी आणि बनियनवर होतो, आणि मला वाटलं, अशा कपड्यांत कसं जायचं?

‘बरं,’ काकू म्हणाल्या. ‘नसलेल्या माणसाला सांग म्हणावं, पोराला रेल्वेच्या दवाखान्यात नेलंय.’ सिद्धूला पदरात गुंडाळून, प्रज्ञाला बोटाशी धरून त्या गेल्या. जाताना गॅस त्यांनीच बंद केला.

मग मी बाहेर आलो. कंपनीचा शर्ट चढवला, पॅंट घातली, डब्याची पिशवी पाठीला लावली आणि बोळातनं स्टँडवर गेलो. दवाखाना स्टँडपासून तीन मिनिटांवर. पण कंपनीतनं दौंडला यायला तास तरी लागतो. लगेच पोहोचलो तर लोक काय म्हणतील? म्हणून मी गाडीवर बसून राहिलो. कडुलिंबाची सावली होती. वंदनाचा फोन आला.

‘कुठं आहात?’

‘निघालोय. न्हावऱ्यापाशी आलोय.’

हे मी कुणाला सांगत होतो? जिला सगळं माहीत होतं तिला. फोनमध्ये तिच्यामागं बायांचे आवाज येत होते. ती म्हणाली, ‘बरं. या सावकाश.’

पाऊण तासानं मी दवाखान्यात गेलो. सिद्धूच्या हाताला पट्टी बांधून झाली होती, तो वंदनाच्या मांडीवर झोपला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच पाण्याखाली धरला म्हणून बरं, वरवरचं आहे, डाग राहील फारतर. भोवती कॉलनीतल्या पाच-सहा बाया, आणि ज्या नजरेनं त्या वंदनाकडे बघत होत्या ती नजर मी नळावरच्या बोलण्यातनं ओळखत होतो. मी आत शिरल्यावर सगळ्या बाजूला झाल्या. कामावरनं धावत आलेला बाप. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. मीही बोललो.

‘तुला शंभरदा सांगितलं, पोरं एकटी सोडत जाऊ नकोस म्हणून!’

कुणी जबरदस्ती केली नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. वाक्य तयारच होतं, जिभेवर कधी आलं ते मला कळलं नाही. पण आवाज मात्र मी नीट मोजून चढवला होता, कोपऱ्यातल्या बाईपर्यंत जाईल इतका. वंदनानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, ‘चुकलं माझं.’

मग मला शेळकेकाकू दिसल्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. करडी पॅंट, आणि खाली न्हाणीघरातल्या निळ्या रबरी चपला. ओल्या. लोखंडी टोकाचे बूट घरी, मागच्या दाराशी. काकू आता बोलणार, हे मी ओळखलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. संपेल एकदाचं.

प्रज्ञा भिंतीशी उभी होती. ती चालत आली आणि माझ्याकडे पाठ करून माझ्या पायांसमोर उभी राहिली. तिचा फ्रॉक घेराचा होता. तिनं तो दोन्ही हातांनी थोडा पसरून धरला.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बसा भाऊ. लांबनं आलाय, दमला असाल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनानं नेहमीसारखा डबा भरला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ‘आज कुठल्या दारानं येणार?’ मी डबा तिथंच ठेवला, बनियनवरच पुढचं दार उघडलं आणि सिद्धूला मांडीवर घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. सांगायचंच, असं ठरवून बसलो होतो. जो पहिला भेटेल त्याला. पहिले भेटले ते दूध घेऊन निघालेले एक गार्डसाहेब. ते म्हणाले, ‘काय, पोरासाठी रजा टाकली?’

मी म्हणालो, ‘व्हय.’

‘बापाचं काळीज,’ ते म्हणाले आणि गेले.

दिवसभर तेच. येणारा-जाणारा थांबायचा, पोराच्या पट्टीकडे बघायचा, मला शाबासकी द्यायचा. दुपारी काकूंनी माझ्यासमोर कुरडयांची साडी अंथरली. ‘बसलाच हायसा तर कावळं हाका.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘दोन म्हयनं दुपारची शिंक कोण देतं, मला कळत न्हाई व्हय? पोरगी असली शिंक देती? म्या कुणाला बोलले न्हाई. म्हटलं, तुमचं तुम्ही सांगाल.’ मी कावळे हाकत राहिलो. जूनपर्यंत ती रजा लांबली, आणि मग मला काही करावं लागलं नाही, लोकांनीच ठरवलं. आई पोरं एकटी सोडायची, पोरगं भाजलं, म्हणून बापानं कंपनीवर पाणी सोडलं. आबांना कुणीतरी शिरूरला जाऊन सांगितलं. त्यांचा फोन आला. ‘पोरांपायी सोडली व्हय रं? म्हंजी सुपरवायझरपरीस मोठं काम केलंस.’ पुढच्या जयंतीच्या फ्लेक्सवर मी पुन्हा पहिल्या ओळीत होतो. गॉगल तोच. खाली ‘आदर्श पिता’.

आबा त्या फ्लेक्सखालनं दूध आणत राहिले. आता ते नाहीत. मी पाटसजवळ एका वजनकाट्यावर बसतो, ऊस आणि वाळूच्या गाड्यांचं खरं वजन लिहून देतो. सिद्धू डिप्लोमाला आहे, घड्याळ डाग असलेल्याच हाताला बांधतो. मुलांना त्यानंतर मीच वाढवलं, उघडपणे, पुढच्या दारानं, आणि वाईट वाढवलं नाही. पण त्या उन्हाळ्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. माझं बोलणं मुळात कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, ही मोठी सोय आहे.

परवा वंदनाला बढती मिळून तिची बदली झाली. क्वार्टर सोडायचं म्हणून कॉलनीनं छोटा कार्यक्रम ठेवला, शाल, नारळ, भाषणं. एका निवृत्त बाईंनी अगदी मायेनं सांगितलं की वंदनाताईंनी कसे दिवस काढले, लहान लहान पोरं घरात एकटी टाकून खिडकीवर बसल्या, पोरगं भाजलं तेव्हा तर... आणि धन्य तो नवरा, ज्यानं अशा वेळी नोकरी सोडली. टाळ्या झाल्या. माझ्याकडे माना वळल्या. मी काय करावं? मीही टाळ्या वाजवल्या. भांडगावहून मुद्दाम आलेल्या शेळकेकाकू पहिल्या रांगेत होत्या, कुरडयांची पिशवी मांडीवर धरून. त्यांनी वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारी प्रज्ञा होती, आता बावीसची. तिनं मान वळवून माझ्या पायांकडे बघितलं. पायांत पॉलिश केलेले काळे बूट होते. तिनं ओढणी सावरली आणि पुन्हा समोर बघायला लागली.

घरी खोकी बांधताना वंदना म्हणाली, ‘टाळ्या छान वाजवल्यात.’

म्हणून हे लिहिलंय. तिनं वाचावं म्हणून नाही, तिला माहीत आहे. बाकीच्यांसाठी, दवाखान्यातल्या त्या पाच-सहा जणींसाठी, तिकिटाच्या लाइनीसाठी, नळावरच्यांसाठी. माझ्या बायकोनं त्या उन्हाळ्यात पोरांना एक दिवसही एकटं सोडलं नाही. पोरगं भाजलं त्या दुपारी घरात मोठं माणूस होतं. ते न्हाणीघरात होतं, आणि कडी आतून होती.